पंधरा जणांचे जबाब : खानापूर-बेळगाव बसमध्ये वाचलेल्या तीन अवघड कादंबऱ्या

गेल्या जूनमध्ये सुरू केलेलं एक वाचन या एप्रिलमध्ये संपलं. तीन इंग्रजी कादंबऱ्या, आणि तिन्हींत गोष्ट सांगणारा माणूस सारखा बदलतो. अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरच्या ‘द साउंड अँड द फ्यूरी’ (१९२९) आणि ‘अ‍ॅज आय ले डाइंग’ (१९३०), इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फची ‘द वेव्ह्ज’ (१९३१). मी साहित्य शिकलेली नाही. दहावीपर्यंत मराठी शाळा, नंतर बी.कॉम., आणि आता बेळगावात एका वकिलांच्या ऑफिसात कारकुनी. राहायला खानापूरला, त्यामुळे रोजची ये-जा. असली पुस्तकं विसाव्या पानावर मिटून ठेवणारे माझ्या ओळखीतच पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते.

पहिलं पुस्तक घरात आलं भाचीमुळे. तिला एम.ए.ला ‘द साउंड अँड द फ्यूरी’ होतं. तिने गाइड वाचून पेपर काढला आणि नोकरीला पुण्याला जाताना पुस्तकांची पिशवी आमच्याकडे ठेवली. “मावशी, वाचणारच असशील तर पहिला भाग सोड आणि तिसऱ्यापासून धर,” एवढं सांगून गेली. मी अर्थातच पहिल्यापासून धरलं.

जूनचा दुसरा आठवडा, आमच्याकडे पाऊस लागलेला. बायकांना सरकारी बस फुकट झाल्यापासून (शक्ती योजना, ११ जून २०२३) सकाळच्या गाडीत उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब. झिरो तिकीट घ्यायचं, आधार दाखवायचं आणि दांडा धरायचा. पुस्तक वाचायचं तर स्टँडवर अर्धा तास लवकर जाऊन खिडकी पकडावी लागते. मी ती पकडायला लागले. गणेबैल, प्रभूनगर, पिरनवाडी करत गाडी उद्यमबागेपर्यंत येते तोवर आठ-दहा पानं होत. समजत मात्र काहीच नव्हतं.

पहिला भाग सांगतो बेंजी. ७ एप्रिल १९२८, त्याचा तेहतिसावा वाढदिवस. त्याला बोलता येत नाही, आणि काल काय नि पंचवीस वर्षांपूर्वी काय, त्याच्या डोक्यात सगळं एकाच वेळी चालू असतं. कुंपणाच्या खिळ्याला कपडा अडकतो आणि त्याच वाक्यात आपण त्याच्या लहानपणात जाऊन पडतो. तिरका टाइप आला की काळ बदलला असं समजायचं, पण तेही दरवेळी नाही. त्यातून नावांचा घोळ. क्वेंटिन नावाचा भाऊ आहे आणि क्वेंटिन नावाची भाचीही आहे. बाप जेसन, मुलगाही जेसन. मामा मॉरी, आणि बेंजीचं स्वतःचं आधीचं नाव मॉरीच, आईने नंतर बदललेलं. नातवाला आजोबाचं नाव ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं नवल वाटू नये. आमच्या ऑफिसात एकाच सर्व्हे नंबरावर एकाच नावाचे तीन-तीन माणसं निघतात. तरीही डोकं दुखलं. जुलैत पहिला भाग संपवला आणि पुस्तक कपाटात ठेवलं.

मधल्या काळात वाचनालयाचं सभासदत्व काढलं. बेळगावातलंच एक वाचनालय. नाव लिहीत नाही, कारण पुढची तक्रार आहे. दोन फोटो, आधारची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा आणि जुन्या सभासदाची जामीनदार म्हणून सही. अनामत पाचशे, वर्गणी महिन्याला पन्नास. पत्त्याचा पुरावा म्हणून लाइटबिल दिलं तर ते सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. शिवाय आधारवर जिल्हा बेळगाव, बिलावर बेळगावी. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं, तेव्हापासून आमचे अर्धे कागद इकडचे नि अर्धे तिकडचे. काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि “सेक्रेटरी आल्यावर बघू” म्हणाल्या. सेक्रेटरी आले श्रावणात. तुम्हीही बाहेरगावचे असाल तर रेशनकार्ड आणि नवऱ्याच्या नावाचा एखादा कागद सोबत असू द्या, आणि जामीनदार असा निवडा की जो सही करायला स्वतः येईल.

सभासद झाल्यावर पहिलं घरी आणलं ते ‘मृत्युंजय’. शाळेत असताना वाचलेलं होतं, पण या वेळी हेतू वेगळा. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ची. तिचे नऊ भाग आहेत. त्यातले चार कर्ण सांगतो आणि कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण हे एकेक. म्हणजे सांगणारा बदलत जाणारी कादंबरी महाराष्ट्रात आणि आमच्या सीमाभागात घरोघर वाचली गेली आहे, आजीनेसुद्धा वाचलीय, आणि कुणी तिला अवघड म्हटलेलं मला आठवत नाही. मग इथेच एवढं का अडतंय, हे बघायला मी ती परत वाचत होते. फरक दिसला तो असा. सावंतांची माणसं आपल्याला सांगायला बसलेली आहेत. नाव वर लिहिलेलं, बोलणं सुसंगत, झालं ते झालं त्याच क्रमाने, आपली बाजू नीट मांडणारं. फॉकनरच्या माणसांना आपण ऐकतोय याचा पत्ताच नाही. ती कुणाला समजावून सांगत नाहीयेत. आपण भिंतीआडून ऐकतोय.

हे कळल्यावर मला आमच्या ऑफिसातलं जबाबाचं टेबल आठवलं. जमिनीच्या वादात पक्षकार येतात, त्यांचे साक्षीदार येतात. बोलतात मराठीत, मध्येच कन्नडमध्ये, कागद तयार होतो कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. लिहून घेणारी मी. साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “तुम्ही स्वतः बघितलंत, की कुणी सांगितलं?” ऐकीव असेल तर ते वेगळं लिहायचं. दुसरा प्रश्न, त्या वेळी तिथे आणखी कोण हजर होतं. बांध कोणी फोडला हे चार माणसं चार प्रकारे सांगतात आणि चारही जण खोटं बोलत नसतात. हे काम मी रोज करते, आणि कादंबरी वाचताना मात्र कुणीतरी सरळ गोष्ट सांगेल म्हणून वाट बघत बसले होते.

म्हणून दोनशे पानी वही घेतली आणि तीन रकाने पाडले. कोण बोलतंय. तिथे कोण हजर आहे. आणि याला काय माहीत असणं शक्य नाही. गोष्टीचा सारांश मुद्दाम लिहिला नाही, तो कुठेही मिळतो.

ऑगस्टअखेर दुसरं पुस्तक धरलं, ‘अ‍ॅज आय ले डाइंग’. हे मी विकत घेतलं नाही, छापून घेतलं. हे पायरसीत बसत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी मजकूर सर्वांसाठी मोकळा होतो, आणि ती साठ वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. फॉकनर १९६२ साली वारले, म्हणजे १ जानेवारी २०२३ पासून त्यांची पुस्तकं आपल्याकडे मोकळी. वुल्फ १९४१ला गेल्या, त्यांची तर कधीच मोकळी झाली. फक्त नव्या आवृत्त्यांना जोडलेल्या प्रस्तावना आणि टिपा त्या त्या अभ्यासकांच्या मालकीच्या असतात, त्या सोडून नुसता मूळ मजकूर घ्या. कोर्टाजवळच्या झेरॉक्सवाल्याने पाठपोट छापून स्पायरलसकट अडीचशेच्या आत दिलं. “मॅडम, कसली केस ओ एवढी मोठी?” असं त्याने विचारलंच. ए-फोर कागदाला समास मोठा सोडून घ्या, तिथेच लिहायचं असतं.

हे पुस्तक आधी वाचायला हवं, असं आता मी सगळ्यांना सांगते. भाग छोटे आहेत, एकूण ५९, आणि प्रत्येकावर बोलणाऱ्याचं नाव. बोलणारे पंधरा. गोष्टही एका वाक्यात मावते. मिसिसिपीतल्या एका गरीब शेतकरी घरातली आई, अ‍ॅडी, मरते आणि तिच्या इच्छेप्रमाणे तिला माहेरच्या माणसांत पुरायला नवरा आणि पाच मुलं खेचरांच्या गाडीतून शवपेटी घेऊन निघतात. नदीला पूर आलेला, पूल गेलेले. २०१९च्या ऑगस्टात निपाणीजवळ हायवे पाण्याखाली गेलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना या प्रवासाचं वेगळं वर्णन करायला नको. पलीकडे जायचंच असतं आणि जाता येत नसतं.

यातला डार्ल हा मुलगा सर्वांत जास्त बोलतो, १९ भाग त्याचे. आई मरते तेव्हा तो घरी नाही. तीन डॉलर मिळणार म्हणून भाऊ ज्युएलला घेऊन लाकडं वाहायला गेलाय. आणि आईच्या मरणाचा भाग सांगतो कोण? डार्लच. खाटेशेजारी बहीण पंख्याने वारा घालतेय, खिडकीबाहेर थोरला भाऊ कॅश आईचीच पेटी करवतीने कापतोय, डॉक्टर उभा आहे, सगळं डोळ्यांसमोर घडावं तसं. मध्येच तिरक्या टाइपात दोघे भाऊ पावसात, गाडी खड्ड्यात, आणि डार्ल ज्युएलला सांगतोय की आई गेली. गाडी पिरनवाडीला थांबली होती, मला आठवतंय, आणि मी वहीच्या तिसऱ्या रकान्यात लिहिलं : सगळंच. याला यातलं काहीच माहीत असणं शक्य नाही. आमच्या ऑफिसात हा साक्षीदार दोन मिनिटांत उडाला असता. पण इथे लेखकाने त्यालाच सर्वांत जास्त वेळ दिलाय, आणि ऐकताना विश्वास बसतो तोही त्याच्यावरच. शेवटाला घरचेच त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडतात आणि तो स्वतःविषयी ‘डार्ल’ ‘डार्ल’ करत परक्यासारखा बोलू लागतो. तो भाग वाचल्यावर मी मागे जाऊन त्याचे सगळे भाग पुन्हा काढले. जो दूरचं पाहतो त्याला जवळचं कुणी आपलं म्हणेना, अशी ती गंमत आहे, आणि ती कुठेही सरळ सांगितलेली नाही. ओळीने नऊ-दहा जणांचं ऐकत गेल्यावर कळते.

कॅश सुतार आहे. पेटीच्या फळ्यांना तिरका काप का दिला याची तो तेरा कारणं देतो, क्रमांक टाकून. आई आत पडलीय आणि हा फळीच्या कडांविषयी बोलतोय. दुःखाचा शब्द नाही, आणि तरी त्या यादीइतकं रडवणारं मला त्या पुस्तकात दुसरं सापडलं नाही. धाकटा वार्डमन त्याच दिवशी मोठा मासा मारून आणतो आणि त्याच्या मनात आई आणि मासा एकमेकांत मिसळून जातात. त्याचा एक अख्खा भाग एका ओळीचा आहे. अ‍ॅडी स्वतः एकदाच बोलते, तेही मरून दिवस झाल्यावर, नदी ओलांडून झाल्यावर. मृत्युपूर्व जबाब कायद्याला चालतो. हा मरणोत्तर. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, “घ्या की लिहून, उलटतपासणी कोण करणारंय?”

गणपतीत वाचन बंद पडलं, दसऱ्याला पुन्हा लागलं, आणि दिवाळीच्या आधी पुस्तक संपलं. इंग्रजी ग्रामीण आहे, शब्द तोडलेले, व्याकरण बोलीतलं. डिक्शनरीचा उपयोग होत नाही. मोठ्याने वाचलं की होतं. बसमध्ये ते शक्य नाही, पण रात्री स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून मी वाचत असे. नवऱ्याने एकदा डोकावून कुणाशी फोनवर भांडतेस का विचारलं.

थंडीत कपाटातलं ‘द साउंड अँड द फ्यूरी’ परत काढलं. या वेळी पहिल्या भागात शिरण्याआधी दोन खुणा ठरवल्या. एक खूण सगळे अभ्यासक सांगतात : बेंजीला सांभाळणारा नोकर कोण आहे ते बघा. व्हर्श असेल तर लहानपण, टी. पी. असेल तर पोरवय, लस्टर असेल तर १९२८चा चालू दिवस. तीन रंगांची स्केचपेनं घेतली आणि समासात रेघा ओढत गेले. फॉकनरला स्वतःलाच हा भाग रंगीत शाईत छापायचा होता, तेव्हा जमलं नाही. २०१२ साली फोलिओ सोसायटी या प्रकाशनाने १४ रंगांत छापला. आमची तीन स्केचपेनं तीस रुपयांत आली.

दुसरी खूण माझ्या धंद्यातली. बेंजीच्या घरच्यांनी, म्हणजे कॉम्पसन घराण्याने, घराजवळचं कुरण विकलंय, क्वेंटिनला हार्वर्डला पाठवायला. त्या जागी आता गोल्फचं मैदान झालंय. त्यामुळे ज्या प्रसंगात कुंपणापलीकडे खेळणारी माणसं आहेत तो विक्रीनंतरचा, आणि जिथे कुरण अजून घरचं आहे तो आधीचा. जमीन कुणाच्या ताब्यात होती यावरून साल काढणं हे आमचं रोजचं काम. या खुणेने लस्टरची पावली शोधायची धडपडसुद्धा जागेवर बसली, तो ती त्या कुंपणाकाठीच शोधत असतो.

दुसरा भाग क्वेंटिनचा, २ जून १९१०, त्याच्या आयुष्यातला शेवटचा दिवस. हा मला पहिल्यापेक्षा जड गेला. बेंजीची वाक्यं निदान छोटी आहेत, क्वेंटिनचं एकेक वाक्य पान पान चालतं आणि कुठेकुठे पूर्णविराम गायब. त्याने घड्याळाचे काटे सकाळीच मोडून टाकलेत आणि दिवसभर त्याला टोलच ऐकू येतायत. यावर जास्त लिहीत नाही. मन ठीक नसेल तेव्हा हा भाग वाचू नका, पुस्तक पळून जात नाही.

आणि मग जेसन. भाची तिसऱ्यापासून धर का म्हणाली ते इथे कळलं. सरळ रेषेत बोलणारा, हजरजबाबी, तोंडाचा फटकळ, आणि आतून इतका खोटा की हसू येता येता थांबतं. घर सोडून गेलेली बहीण कॅडी आपल्या मुलीसाठी महिन्याला चेक पाठवते. आई बदनाम लेकीचा पैसा नको म्हणून चेक जाळते. पण आईच्या हातात जेसन देतो तो बनावट चेक, खरा तो वटवून घेतो. आई दर महिन्याला मोठ्या मानाने कागद जाळत बसते. अशा भानगडी मी फायलींमध्ये पाहिल्यात, पण गुन्हेगाराच्याच तोंडून, त्याला आपण गुन्हेगार आहोत असं क्षणभरही न वाटता, ऐकायला मिळत नाहीत. पुढे तो पैसा कॅडीची ती मुलगीच घेऊन पळते. जेसन तक्रार द्यायला जातो, तर शेरिफ उलट संशय बोलून दाखवतो की तो पैसा मुळात कुणाचा. जानेवारीच्या त्या सकाळी माझा स्टॉप चुकला असता.

चौथ्या भागात ‘मी’ कुणीच नाही. बाहेरून सांगितलेला ईस्टरचा रविवार, आणि मध्यभागी घरची म्हातारी स्वयंपाकीण डिल्सी. इतकी पानं ज्यांच्या डोक्यात राहिलो ती माणसं पहिल्यांदा बाहेरून दिसतात, अंगाने, कपड्यांनी. आणि जिच्याभोवती तिघे भाऊ फिरतात त्या कॅडीला शेवटपर्यंत एकही भाग नाही. माझ्या वहीत तिच्या नावाचं पान कोरं राहिलं. तिचा जबाब का घेतला नाही, यावर मी लेखकाशी पुष्कळ भांडले. तिघांच्या सांगण्यातून ती जेवढी उभी राहते तेवढी स्वतः बोलून राहिली असती का, हे माझं अजून ठरलेलं नाही.

एक सूचना. काही आवृत्त्यांत घराण्याचा इतिहास सांगणारी पुरवणी असते, फॉकनरने १९४६च्या एका संग्रहासाठी लिहिलेली. कुठे ती पुस्तकाच्या पुढेही छापलीय. ती शेवटी वाचा, सगळे पत्ते तिथे उघडे आहेत. भाचीच्या प्रतीत ती मागे होती, बरं झालं.

‘द वेव्ह्ज’ ऑनलाइन मागवलं, तीनशे ऐंशी रुपये. खानापूरच्या पिनकोडला यायला तीन आठवडे लागले. मध्ये एकदा ‘घरी कुणी नव्हतं’ असा मेसेज आला. सासूबाई दिवसभर ओसरीवर बसून होत्या. शेवटी ऑफिसचा पत्ता दिला. गावात राहणाऱ्यांनी हे आधीच करावं.

इथे सहा मित्रमैत्रिणी लहानपणापासून म्हातारपणापर्यंत आळीपाळीने बोलतात. नाव प्रत्येक वेळी दिलेलं असतं, म्हणून कोण बोलतंय हा घोळ नाही. घोळ वेगळाच आहे, सहाही जण एकाच सुरात बोलतात. शाळकरी पोरं आणि पन्नाशीची माणसं यांची भाषा सारखीच. माझ्या तीन रकान्यांचा इथे काही उपयोग झाला नाही, वही पहिल्या चार पानांनंतर बंद केली. मधूनमधून सूर्य उगवण्यापासून मावळण्यापर्यंत समुद्राची तिरक्या टाइपातली वर्णनं येतात, ती सुंदर आहेत. पर्सिव्हल नावाचा सगळ्यांचा लाडका मित्र कधीच बोलत नाही. तो हिंदुस्थानात येतो आणि घोड्यावरून पडून मरतो. आपल्याकडची जागा त्यात एवढीच. मला हे पुस्तक आवडलं असं म्हणवत नाही. एप्रिलच्या उकाड्यात पुरं केलं, आणि काही पानं कवितेसारखी पुन्हा वाचेन. तुम्ही कवितेकडून आला असाल तर कदाचित हेच पहिलं धरावं.

इंग्रजीची धास्ती असेल तर रवींद्रनाथांचं ‘घरे बाइरे’ (१९१६) बघा. तीन जणांच्या तोंडून आहे, बिमला, निखिलेश आणि संदीप, आणि या तिन्हींपेक्षा कितीतरी सोपं.

पुढचं ठरलंय. भैरप्पांचं कन्नड ‘पर्व’ (१९७९), तेही महाभारतच, एकेका पात्राच्या आठवणींतून सरकणारं. मराठीत ते उमा कुलकर्णींनी आणलंय, त्या मूळच्या बेळगावच्या, आणि ते भाषांतर आमच्याकडे बऱ्याच घरांत आहे. पण मला ते कन्नडमधून वाचायचंय. कन्नड मी रोज वाचते, लिहिते, पण नोटिसा आणि दाव्यांपलीकडे कधी गेले नाही. वाचनालयात कन्नड प्रत एकच आहे आणि रांगेत माझ्या आधी दोघं जण आहेत. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, जूनअखेर चौकशी करा.